पंगत हवी, पंक्तिभेद नको

मोठ्या प्रवासी जहाजांवर, म्हणजे ज्यांना आपण आता सरसकट क्रूझ म्हणतो त्यांवर, सफरीतल्या काही संध्याकाळी औपचारिक पोशाखासाठी राखून ठेवलेल्या असतात. पुरुषांनी टक्सिडो (बो-टायसह घालायचा समारंभाचा काळा कोट) किंवा गडद सूट आणि टाय, स्त्रियांनी लांब गाऊन किंवा तशाच तोलामोलाचा पोशाख, असा साधारण दंडक असतो. हा दंडक प्रवासी आता पाळतात का आणि त्यांनी तो पाळावा का, यावर इंग्लंड-अमेरिकेत दर हंगामात कडाक्याचा वाद होतो. आई-वडिलांना घेऊन क्रूझवर जाणे तिकडच्या मराठी कुटुंबांतही रुळले आहे, त्यामुळे आपल्या घरगुती गप्पांतही तो वाद येऊन पोहोचला आहे. एक बाजू म्हणते, पैसे मी मोजले, सुट्टी माझी, मी हाफ पँट घालून जेवेन. दुसरी बाजू म्हणते, दर्जा घसरला, आता कोणीही येते. या दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडत असल्या, तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे: पोशाख म्हणजे माणसाची पायरी दाखवणारी वस्तू. एकीला ती पायरी मोडायची आहे, दुसरीला राखायची आहे. माझ्या मते दोघींचीही चूक इथेच होते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ज्या जहाजाने तिकीट विकण्यापूर्वी असा नियम स्पष्ट सांगितला आहे, त्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात त्या संध्याकाळी बसणाऱ्याने तो पाळलाच पाहिजे. ज्याला पाळायचा नाही त्याच्यासाठी त्याच जहाजावर दुसऱ्या जागा असतात. तिथे त्याने खुशाल आणि सन्मानाने जेवावे. ज्या कंपनीत नियम राबवण्याची धमक नाही, तिने तो छापू नये. मात्र नियम पोशाखामागच्या तयारीचा असावा, युरोपातल्या एका विशिष्ट कोटाचा नसावा. शेवटच्या दोन गोष्टी सुटल्या की पहिल्या गोष्टीचाही आग्रह धरता येत नाही, आणि सध्या नेमके तेच होते आहे.

हे मला एका संध्याकाळी अगदी जवळून दिसले. गेल्या वर्षी आई-बाबांना घेऊन आम्ही साउदॅम्प्टनहून नॉर्वेच्या फ्योर्डकडे, म्हणजे डोंगरांतल्या चिंचोळ्या खाड्यांकडे, जाणाऱ्या एका जहाजाने गेलो होतो. जहाजाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री वापरू देत नाहीत. त्यासाठी प्रवाशांची सामाईक धुलाईची खोली असते. औपचारिक संध्याकाळच्या दिवशी दुपारी चार वाजता त्या खोलीत इस्त्रीच्या टेबलांसाठी रांग लागली होती. आई पैठणीवर मलमलीचे फडके टाकून पदराच्या मोरांवरून हलक्या हाताने इस्त्री फिरवत होती. शेजारच्या टेबलावर यॉर्कशरचे एक निवृत्त बसचालक पांढऱ्या शर्टाची कॉलर दाबत होते. चाळीस वर्षे बस चालवली, हा सूट मुलीच्या लग्नातला, असे त्यांनी आपणहून सांगितले. पैठणीची लांबी ऐकून त्यांनी आपला शर्ट बाजूला ठेवला आणि साडीचे दुसरे टोक जमिनीला लागू नये म्हणून ती संपेपर्यंत हातावर धरून उभे राहिले. या खोलीतला कोणी कोणाला आपली पायरी दाखवत नव्हता. तिथली सगळी माणसे एका संध्याकाळची तयारी करत होती, आणि ती संध्याकाळ कोणा एकाची नव्हती.

नंतर भोजनगृहाच्या दारात जे झाले ते मात्र मनाला लागले. बाबांनी माझ्या लग्नात गिरगावच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला काळा बंदगळ्याचा कोट घातला होता, गळ्यापर्यंत सगळी बटणे लावलेली. दारावरच्या तरुण कर्मचाऱ्याने त्यांना थांबवले आणि टाय कुठे, असे विचारले. बाबा गोंधळले, बंदगळ्यावर टाय बांधायचा कुठे, हे कोणी कसे सांगावे? तेवढ्यात हेड वेटर पुढे आला. तो गोव्याचा, साष्टीकडचा. त्याने एका वाक्यात प्रकरण मिटवले, बाबांना खुर्चीपर्यंत पोचवले आणि मनापासून माफी मागितली. दहा मिनिटांनी त्याच दारातून फुटबॉलची जर्सी, हाफ पँट आणि टोपी घातलेला एक धडधाकट गृहस्थ कोणाकडेही न पाहता आत आला आणि मधल्या टेबलावर जाऊन बसला. त्याला कोणी अडवले नाही. दुसऱ्या दिवशी मी हेड वेटरला त्याबद्दल विचारले. तो हळूच म्हणाला, “अडवलं तरी तक्रार माझ्या नावावर, सोडलं तरी माझ्याच नावावर.” नियम होता, पण ज्याने तो पाळला होता त्याला तो लागला आणि ज्याने पायदळी तुडवला त्याला लागला नाही. आपल्या भाषेत याला पंक्तिभेद म्हणतात.

पैसे मी मोजले, या युक्तिवादाकडे आधी पाहू, कारण ऐकायला तो सर्वांत बळकट वाटतो. तिकिटाच्या पैशात काय मिळते? केबिन, जेवण, करमणूक, बंदरे. पण शेकडो माणसे नीटनेटकी होऊन एका दालनात एका वेळी जेवायला बसली आहेत, हे दृश्य कंपनी स्वयंपाकघरात शिजवू शकत नाही. ते प्रवासीच एकमेकांना देतात. मैफलीचे तिकीट काढले की गायकाचे गाणे विकत मिळते, पण श्रोत्यांची शांतता मिळत नाही. ती शेजारच्याने द्यावी लागते आणि आपण शेजारच्याला द्यावी लागते. तिथे फोनवर बोलणाऱ्याने पैसे मी मोजले असे म्हटले तर आपण त्याचे ऐकून घेऊ का? आपल्या पंगतीचा जुना रिवाज आठवा. सगळ्यांची पाने वाढून होईपर्यंत घास घ्यायचा नाही आणि सगळ्यांचे होईपर्यंत उठायचे नाही. पंगतीत बसणाऱ्याला घाई असू शकते, भूक लागलेली असू शकते, आणि हा रिवाज कोणत्याही कायद्यात नाही. तरी तो पाळला जायचा, कारण पंगत म्हणजे नुसते जेवण नव्हे, हे बसणाऱ्याला ठाऊक होते. ज्याला आपल्या वेळेने आणि आपल्या मर्जीने खायचे आहे त्याच्यासाठी बुफे आहे. बुफेत काही उणे नाही. मी स्वतः बहुतेक दिवशी तिथेच जेवतो. माझा आक्षेप आहे तो पंगतीत बसून बुफेचे वागणाऱ्याला.

विरोधी बाजूचा खरा जोर मात्र इतिहासात आहे, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. जहाजावर रात्रीच्या जेवणासाठी पोशाख बदलण्याची चाल ज्या काळात रुजली, त्या काळात जहाजाचे मजले माणसांच्या वर्गांप्रमाणे वाटलेले होते. टेलकोट (मागे लांब शेपट्यांचे कोट) आणि गाऊन होते ते पहिल्या वर्गाच्या दालनात. खालच्या मजल्यावर दाटीवाटीने देशांतराला निघालेल्यांना कोणी तसल्या पोशाखाची अपेक्षाच करत नव्हते. पोशाख ही तिथे खरोखरच भिंत होती. आपल्याकडच्या प्रवाशालाही ती बोचली आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ जहाजाने विलायतेला निघाले. काट्याचमच्याने खायची सवय नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचे धाडस नाही, म्हणून ते भोजनगृहात न जाता केबिनमध्येच बरोबरची मिठाई आणि फळे खात राहिले. बोटीवर काळा सूट वापरून मित्रांनी दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यांनी किनाऱ्यावर उतरण्यासाठी खास राखून ठेवला होता; उतरल्यावर पाहतात तो सप्टेंबरअखेरीला तसले कपडे घातलेले ते एकटेच. आपल्या आत्मकथेत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. न सांगितलेल्या नियमांचा जाच कसा असतो, हे या प्रसंगाहून अधिक नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

जहाजापर्यंत जायचीही गरज नाही. जेवताना सोवळे नेसायचे हा आपल्या घरातलाच पोशाखाचा नियम होता, आणि त्याच्या मुकट्या-कदाच्या, म्हणजे रेशमी सोवळ्याच्या, आड जातीची भिंत उभी होती. मुंबईत हिंदी माणसांना गोऱ्यांच्या क्लबांत प्रवेश नव्हता म्हणून १९१८ साली विलिंग्डन क्लब निघाला. १९८८ साली त्याच क्लबाने अनवाणी आलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना आत घेतले नाही. चेन्नईत २०१४ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसून आले म्हणून एका क्लबाच्या दारातून परत पाठवले गेले. तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी असा मज्जाव करणाऱ्यांविरुद्ध कायदा केला, आणि तो योग्यच होता. पोशाखाचा नियम दिसला की आपल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा संशय येतो, तो अकारण नाही.

पण या संशयाला एक कसोटी लावली पाहिजे. नियम असा आहे का, की जो तयारी करील त्याला आत येता येते? की असा आहे, की कितीही तयारी केली तरी काहींना बाहेरच राहावे लागते? सोवळे दुसऱ्या प्रकारचे होते. पंगतीबाहेरच्या माणसाने धूतवस्त्र नेसले म्हणून त्याला पान मांडले जात नव्हते. वेष्टीला मज्जाव हाही दुसऱ्याच प्रकारचा, कारण तिथे माणसाच्या नेटकेपणाला किंमत नव्हती. त्याचा देशी पेहरावच मुळात खालचा ठरवला होता. बसचालकाच्या सूटला आणि आईच्या पैठणीला सारखेच दार उघडणारी संध्याकाळ पहिल्या प्रकारची आहे. जुन्या जहाजांवरही पोशाखाने वर्ग निर्माण केला नव्हता, तो तिकिटाने केला होता. आज मुख्य भोजनगृहात आतल्या बाजूच्या स्वस्त केबिनचा प्रवासी आणि बाल्कनीवाला प्रवासी शेजारी बसतात. उलट, आजच्या जहाजांवर वर्ग परत येतो आहे तो महागड्या स्वीटवाल्यांसाठी, म्हणजे आलिशान खोल्या घेणाऱ्यांसाठी, राखलेल्या वेगळ्या भोजनगृहांतून, वेगळ्या डेकांतून आणि वेगळ्या लाउंजांतून. पोशाखाचा नियम काढून टाकला म्हणून त्यांतले एकही दार उघडणार नाही. समतेच्या नावाने टायवर तुटून पडणारे या दारांबद्दल मात्र का बोलत नाहीत?

महात्मा फुल्यांचे उदाहरण इथे वारंवार दिले जाते. १८८८ साली, म्हणजे गांधी बोटीवर चढले त्याच वर्षी, पुण्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या, मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि समोरच्या दागदागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून देशाची पारख करू नका, खेड्यात जा, असे त्यांनी पाहुण्याला ऐकवले. १९३१ साली गांधी बकिंगहॅम राजवाड्यात पंचा आणि शालीतच गेले. या दोघांनी शिष्टाचार मोडला, मग आम्ही मोडला तर काय बिघडले, असे विचारले जाते. बिघडते ते असे: त्या दोघांनी कोणता पोशाख करायचा याचा इतरांपेक्षा अधिक विचार केला होता. त्यांच्या अंगावरचे वस्त्र कोट्यवधी लोकांच्या वतीने बोलत होते, आणि ते ऐकू यावे म्हणूनच ते समारंभाला गेले होते. केबिनमध्ये जाऊन कपडे बदलायचा कंटाळा आला म्हणून जर्सीत जेवायला बसणाऱ्याचे वस्त्र कोणाच्या वतीने बोलते? शिष्टाचाराला नकार देणे आणि शिष्टाचाराची दखलच न घेणे या गोष्टी एकमेकींपासून फार दूर आहेत, आणि पहिलीचे पुण्य दुसरीच्या खात्यावर जमा करणे हा फुल्यांवर अन्याय आहे.

आता दर्जा घसरला म्हणणाऱ्यांकडे वळतो. ज्या डिनर जॅकेटला, म्हणजेच टक्सिडोला, ते सनातन धर्म समजतात, ते मुळात सैलपणाचे अपत्य आहे. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजाने, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राने, टेलकोटाला कंटाळून घरगुती जेवणासाठी हेन्री पूल या शिंप्यांकडून आखूड कोट शिवून घेतला. त्याचेच पुढे डिनर जॅकेट झाले, आणि १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये पोचल्यावर अमेरिकेने त्याला गावाचे नाव दिले. त्या काळच्या कर्मठांना हा कोट आजच्या जर्सीइतकाच खुपला असेल. मुंबईच्या वाटेवरच्या जहाजांनी तर हवा पाहून नियमाला मुरड घातली होती. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात जॅकेट काढून ठेवायचे, पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला रुंद पट्टा एवढ्यावर जेवायला बसायचे, ही रीत तिथेच पडली आणि तिला तांबड्या समुद्राचेच नाव मिळाले. तो कमरेचा पट्टा, ज्याला आजही क्रूझवरचे साहेब कमरबंड म्हणतात, आपलाच कमरबंद आहे. इथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी तो हिंदुस्थानात उचलला. सफरीच्या पहिल्या रात्री कोणी पोशाख करायचा नाही, असाही संकेत होता, कारण ट्रंका उघडलेल्या नसत. म्हणजे जो शिष्टाचार टिकला तो हवामान, सामान आणि माणसांची सोय पाहून वाकला म्हणून टिकला. दर्जाचे रक्षक म्हणवणारे ज्या क्षणी बंदगळ्याला टाय मागतात, त्या क्षणी ते आपल्याच परंपरेचे अज्ञान दाखवतात.

व्यवहाराच्या अडचणी खऱ्या आहेत. जहाज गाठायला आधी विमानाने जावे लागते आणि बॅगेला बहुधा तेवीस किलोची मर्यादा असते. पूर्वीच्या प्रवाशाच्या ट्रंकांवर ‘प्रवासात लागणार नाही’ अशी चिठ्ठी लावून त्या तळाच्या कोठारात टाकता येत, तशी चैन आता नाही. पण एक गडद सूट किंवा एक साडी हे ओझे किती? काही कंपन्या पोशाख भाड्यानेही देतात. सुजलेल्या पायांमुळे ज्यांना बूट घालता येत नाहीत, ज्यांना आजारामुळे सैल कपडे लागतात, त्यांच्याबाबत नियमाने डोळेझाक करावी, आणि कोणीही शहाणा हेड वेटर ती करतोच. स्त्रियांवर या संध्याकाळचा भार अधिक पडतो, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: पुरुष तोच कोट तीनदा घालतो आणि कोणी बघत नाही, बाईने तोच गाऊन दुसऱ्यांदा घातला तर बघतात. त्याला उत्तर नियमात नाही, बघणाऱ्यांच्या नजरेत आहे. आईने तिन्ही संध्याकाळी तीच पैठणी नेसली आणि तिन्ही वेळा ती उठून दिसली.

राहता राहिली कंपन्यांची जबाबदारी, आणि सर्वांत जास्त दोष मी त्यांनाच देतो. औपचारिक संध्याकाळ त्यांना हवी असते, कारण त्या रात्री जिन्याजवळ पडदे लावून छायाचित्रकार उभे राहतात आणि त्या छायाचित्रांची चांगली विक्री होते. जर्सीवाल्याला अडवणे मात्र नको असते, कारण तो उद्या दारूवर आणि जुगारावर खर्च करणार असतो. मग नियम छापायचा आणि अंमलबजावणीचे ओझे दारातल्या वेटरच्या डोक्यावर टाकायचे. त्या वेटरची कमाई प्रवाशांच्या बक्षिसीवर आणि सफरीच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायांवर अवलंबून असते. गोवा आणि कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण जहाजांवर जात आले आहेत. महिनोन्‌महिने घरापासून लांब राहून, रोज संध्याकाळी कडक इस्त्रीचा गणवेश घालून ते उभे राहतात. नियम कागदावर आणि सवलत दारात, या दुटप्पीपणाची किंमत तेच मोजतात.

यातून बाहेर पडण्याचे दोन्ही प्रामाणिक मार्ग आज समोर आहेत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली सक्तीच्या औपचारिक रात्रीच बंद केल्या, आणि सेलिब्रिटी कंपनीने २०१५ च्या अखेरीस त्यांच्या जागी सैलसर नियम आणला. त्यांना मी दोष देत नाही. जे पाळून घ्यायचे नव्हते ते त्यांनी काढून टाकले. दुसरीकडे १८४० पासून अटलांटिक ओलांडणाऱ्या क्युनार्ड कंपनीने ‘क्वीन मेरी २’ वर गाला, म्हणजे औपचारिक पोशाखाची, संध्याकाळ ठेवली आहे. संध्याकाळी सहानंतर पोशाख कोणता, न करणाऱ्याने कोणत्या पबमध्ये आणि कोणत्या बुफेत बसावे, हे ते तिकिटाआधीच सांगतात, आणि सूट-टक्सिडोच्या बरोबरीने राष्ट्रीय पोशाखालाही मान्यता देतात. ज्याला ही संध्याकाळ नको त्याने पहिल्या प्रकारचे जहाज निवडावे. समुद्रावर जहाजे पुष्कळ आहेत; मग ज्या मोजक्या जहाजांनी ही चाल जपली आहे, तिथेच जाऊन ती मोडण्याचा हट्ट कशासाठी?

परत आल्यावर मी आमच्या जहाजाच्या कंपनीला पत्र लिहिले. जर्सीवाल्याची तक्रार त्यात दोन ओळींतच आहे. मुख्य मागणी अशी, की नियमाच्या पानावर टक्सिडोतल्या पुरुषाच्या छायाचित्राशेजारी बंदगळा, शेरवानी, साडी, स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा किल्ट आणि आफ्रिकेतल्या पोशाखांचीही छायाचित्रे असावीत, आणि तीच दारातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात दाखवावीत. दुसरी मागणी अशी, की नियम न पाळणाऱ्याला बुफेची वाट दाखवण्याचे काम वेटरचे नसून अधिकाऱ्याचे असावे, आणि त्या रात्रीच्या तक्रारी वेटरच्या नावावर चढू नयेत. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या मे महिन्यातल्या सफरीचे तिकीट मात्र काढले आहे, आणि बाबांनी कोटाची सैल झालेली दोन बटणे परवाच पक्की करून घेतली.